गांजाचे व्यसन आणि मेंदूची रचना : कुटुंबाने हे संशोधन कसे वाचावे आणि घरात त्याचा उपयोग कसा करावा

तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातात एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी होती. मुलगा तीन वर्षांपासून रोज गांजा ओढत होता. वडिलांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारले, "ताई, ह्यात गांजा कुठं दिसतो?" सोबतच्या अहवालात मेंदूत कोणताही दोष आढळला नसल्याचे लिहिले होते. मुलगा शांतपणे म्हणाला, "अण्णा, मी सांगत होतो ना, माझ्या मेंदूला काही झालेलं नाही." काही हजार रुपये खर्च करून वडिलांच्या पदरात पडला तो मुलाची बाजू घेणारा एक कागद.

त्याच सुमारास मिरजेतील एक आई वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आल्या होत्या. गांजामुळे मेंदू आकसतो अशा मथळ्याची ती बातमी होती, आणि "आता आकसलाच असेल तर औषधपाण्यावर पैसा घालून काय उपयोग?" हा त्यांचा प्रश्न होता. सांगली-मिरजेत व्यसनाधीन व्यक्तींच्या कुटुंबीयांबरोबर बसण्याचे काम मी करते आणि या दोन्ही चुका मला वारंवार भेटतात. वरवर त्या एकमेकींच्या उलट दिसतात, परंतु त्यांचे मूळ एकच आहे. संशोधनातील निष्कर्ष हा अनेक माणसांच्या सरासरीविषयी असतो आणि आपण तो घरातील एका माणसाचे निदान म्हणून वाचतो. हे संशोधन नेमके काय सांगते, ते कसे वाचावे आणि त्यातून घरी काय करता येते, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

मेंदूत गांजा कोठे जाऊन बसतो

गांजातील नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी या नावाने ओळखला जातो. इस्राएलमधील राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रासायनिक रचना उलगडली. त्यानंतर जवळपास पाव शतकाने, १९८८ मध्ये, मेंदूतील पेशींवर टीएचसी ज्या ठिकाणी जाऊन बसतो त्या जागा सापडल्या. त्यांना सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. निसर्गाने या जागा अर्थातच गांजासाठी केलेल्या नाहीत. मेंदू स्वतःच तयार करत असलेले एक द्रव्य तेथे काम करते. ते १९९२ मध्ये मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि त्याला संस्कृतमधील 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव देण्यात आले. पालकांना हे नाव मी आवर्जून सांगते, कारण बाहेरून आलेला टीएचसी शरीराच्या स्वतःच्या व्यवस्थेची जागा अडवतो, ही गोष्ट त्या एका शब्दातून लगेच समजते.

या जागा मेंदूत सर्वत्र सारख्या नाहीत. नव्या आठवणी साठवण्यास मदत करणारा, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस, भीती आणि भावनिक धोका ओळखणारा बदामाएवढा अमिग्डाला, कपाळामागचा निर्णय घेणारा भाग, हालचालींवर ताबा ठेवणारे खोलवरचे पेशीसमूह आणि लहान मेंदू येथे त्यांची दाटी आहे. श्वास चालू ठेवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात मात्र त्या फार थोड्या आहेत, आणि म्हणूनच अफूवर्गातील पदार्थांच्या अतिसेवनाने जसा श्वास थांबतो तसा तो गांजाने सहसा थांबत नाही. "गांजाने कोणी मरत नाही" हे कट्ट्यावरचे वाक्य येथून आले असावे. परंतु माणूस जगतो म्हणून त्याच्या मेंदूचे काहीच बिघडत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

बातमी समोर आली की कोणते प्रश्न विचारावेत

पहिला प्रश्न असा की, तपासलेली माणसे किती होती आणि ती किती ओढणारी होती. मेंदू आकसण्याच्या बातम्यांमागे ज्या अभ्यासाचा उल्लेख वारंवार येतो, तो २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांहून अधिक काळ रोज पाचांहून जास्त गांजाच्या सिगारेटी ओढणाऱ्या १५ व्यक्तींची तुलना न ओढणाऱ्या १६ व्यक्तींशी केली होती. ओढणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने १२ टक्के आणि अमिग्डाला सुमारे ७ टक्के लहान आढळला. हा फरक मोठा आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. मात्र महाशिवरात्रीला एकदा भांग प्यायलेल्या माणसाला तो लावता येत नाही, आणि सहा महिन्यांपासून शनिवार-रविवारी ओढणाऱ्या मुलालाही जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरा प्रश्न म्हणजे दारू आणि तंबाखूचा हिशेब वेगळा केला आहे का. आपल्याकडे गांजा बहुधा सिगारेटमधील तंबाखूत मिसळून किंवा चिलमीत तंबाखूसोबत ओढला जातो आणि पुष्कळदा जोडीला बिअरही असते. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात अधूनमधून ओढणाऱ्या २० तरुणांच्या मेंदूतही रचनेचे फरक दिसले आणि त्याच्या बातम्या जगभर झळकल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने रोज ओढणारे आणि न ओढणारे यांची दारूच्या सेवनाबाबत काळजीपूर्वक जुळणी करून तुलना केली, तेव्हा तसे फरक आढळले नाहीत. पहिली बातमी ज्यांनी वाचली त्यांच्यापैकी फार थोड्यांपर्यंत दुसरी पोहोचली.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फरक आधी होता की नंतर आला? रोप वाळलेले दिसले की दोष पाण्याचा की मुळात जमिनीचा, हे शेतकरी आधी पाहतो, आणि येथेही तेच पाहायचे आहे. २०१५ मध्ये ४८३ जुळ्या आणि सख्ख्या भावंडांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गांजा वापरलेल्यांचा डावा अमिग्डाला थोडा लहान होता, परंतु ज्यांनी गांजाला कधी हात लावला नव्हता अशा त्यांच्या भावंडांचाही तो तसाच लहान होता. म्हणजे तो फरक घराण्यातून, आनुवंशिकतेतून किंवा एकत्र वाढण्यातून आलेला असण्याची शक्यता अधिक होती. याच्या दुसऱ्या बाजूला २०२१ मध्ये युरोपातील ७९९ मुलांचा अभ्यास आला. त्यांचे एमआरआय प्रथम चौदाव्या वर्षी, कोणीही गांजा ओढलेला नसताना, आणि पुन्हा एकोणिसाव्या वर्षी काढले होते. मधल्या काळात ज्यांनी जितका अधिक गांजा वापरला, तितका त्यांच्या कपाळामागच्या भागातील मेंदूचा बाह्य स्तर अधिक पातळ झालेला आढळला, आणि चौदाव्या वर्षीच्या जाडीवरून मात्र पुढे कोण ओढेल हे सांगता येत नव्हते. त्यामुळे सगळाच फरक जन्मजात आहे असे म्हणून सुटका होत नाही. मेंदूचा हा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हे लक्षात घेता अकरावी-बारावीच्या मुलाबाबत थांबून पाहण्याचा सल्ला मी कधीच देत नाही.

चौथा प्रश्न वापर आणि अवलंबित्व यांतील भेदाचा आहे. जुन्या अभ्यासांत सर्व ओढणारे एकाच टोपलीत टाकलेले असत. पुढे अनेक शहरांतील एमआरआय एकत्र करून, गांजावर अवलंबून असलेले आणि वापरत असूनही अवलंबून नसलेले असे दोन गट पाडण्यात आले, तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा कपाळामागील भाग यांचे आकारमान प्रामुख्याने पहिल्या गटात कमी असल्याचे दिसले. हा दुसरा भाग एखाद्या गोष्टीचे मोल ठरवतो आणि परिस्थिती बदलली की ते मोल बदलतो. ओढण्याची सुरुवात झाली की नाही यापेक्षा ओढणे आता हातात राहिले आहे की नाही, हे तपासणे म्हणूनच अधिक उपयोगाचे ठरते.

अवलंबित्व घरी कसे ओळखावे

हे ओळखायला यंत्र लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ मागील बारा महिन्यांतील अकरा लक्षणे विचारतात. त्यांपैकी दोन किंवा तीन असल्यास सौम्य, चार किंवा पाच असल्यास मध्यम आणि सहा किंवा अधिक असल्यास तीव्र स्वरूपाचा विकार मानला जातो. निदान डॉक्टरांनीच करायचे असते, परंतु कुटुंबाने काय पाहून ठेवावे हे सांगता येते. ठरवल्यापेक्षा जास्त ओढले जाते का? "उद्यापासून बंद" हे वाक्य किती वेळा झाले? पुडी मिळवणे, ओढणे आणि उतरणे यांत दिवसाचा किती भाग जातो? कॉलेज, एमआयडीसीतील पाळी किंवा बागेतील फवारणीचे काम बुडते का? पूर्वी आवडणारी तालीम, क्रिकेट, भजनी मंडळ सुटले का? तितक्याच मालात आता नशा येत नाही अशी तक्रार आहे का? आणि दोन दिवस मिळाले नाही तर चिडचिड, झोप उडणे, जेवण तुटणे हे सुरू होते का? उत्तरे तारखेसह वहीत लिहावीत. आठवणीतून सांगताना आई कमी सांगते आणि वडील वाढवून सांगतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

प्रत्येक ओढणारा अवलंबून होतो असेही नाही. अमेरिकेतील सर्वेक्षणांवरून गांजा वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के पुढे अवलंबून होतात आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण साधारण सहापैकी एक इतके असते. आपल्या देशाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख होते आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती.

मग एमआरआय काढावा का

केवळ गांजासाठी काढू नये. वाळव्याच्या उसाचा एकरी उतारा सरासरीने जतपेक्षा जास्त असला, तरी हातात दिलेले एक कांडे पाहून ते कोणत्या शिवारातले हे कोणी सांगू शकत नाही. हिप्पोकॅम्पसचेही तसेच आहे. निरोगी माणसांमध्येच त्याचा आकार इतका कमी-अधिक असतो की एका माणसाच्या फिल्मवरून तो गांजामुळे लहान झाला की जन्मतःच तसा आहे, हे ठरवता येत नाही. शिवाय नेहमीच्या तपासणीत रेडिओलॉजिस्ट गाठ, रक्तस्राव, सूज यांसारखे दोष शोधतात, आणि संशोधनात संगणकाने मोजलेले काही टक्क्यांचे फरक त्या अहवालात येतच नाहीत. 'दोष नाही' या शब्दांचा अर्थ 'व्यसन नाही' असा कधीही घेऊ नये. पहिल्यांदाच आलेली फीट, डोक्याला मार, एका बाजूची अचानक आलेली कमजोरी किंवा शुद्ध हरपणे अशा कारणांसाठी डॉक्टरांनी सांगितले तर मात्र एमआरआय टाळू नये.

लघवीच्या तपासणीबाबतही जाता जाता सांगते. टीएचसीचे अंश चरबीत साठतात, त्यामुळे रोज ओढणाऱ्याने बंद केल्यानंतरही तपासणी काही आठवडे सकारात्मक येऊ शकते. अशा अहवालावरून "कालच ओढलास" म्हणून मुलाला कोंडीत पकडू नये, कारण तो खरे बोलत असण्याची शक्यता असते.

पहिल्या चार आठवड्यांची तयारी

मिरजेच्या त्या आईंना मी जे सांगितले ते येथे सविस्तर लिहिते, कारण या संशोधनातील आशेचा भाग मथळ्यात येत नाही. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूत बाह्य स्तरातील सीबी-१ रिसेप्टरची संख्या घटलेली असते, कारण सतत येणाऱ्या टीएचसीपुढे पेशी आपली दारे मिटून घेतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर ही संख्या पूर्ववत होत असल्याचे दिसले. रचनेच्या बाबतीत, २०१६ च्या एका अभ्यासात गांजा सोडून दीर्घकाळ झालेल्या व्यक्तींचा हिप्पोकॅम्पस न ओढणाऱ्यांसारखाच आढळला. प्रत्येकाचे सर्व काही भरून येईलच अशी हमी यातून मिळत नाही. परंतु मेंदू कायमचा गेला असे मानून उपचार सोडणे या माहितीच्या थेट विरुद्ध जाते.

गांजा बंद केल्यावर त्रास साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोन आठवड्यांत बराच ओसरतो. झोपेची तक्रार मात्र त्यानंतरही राहते आणि स्वप्ने फार ठळक, कधी भीतीदायक पडतात. हे आधी सांगून ठेवले नाही तर मुलगा तिसऱ्या रात्री घाबरतो आणि "ओढल्याशिवाय मला झोपच येत नाही" असा निष्कर्ष काढतो. त्यामुळे पहिला आठवडा परीक्षा, लग्नकार्य किंवा द्राक्षाच्या छाटणीच्या धावपळीत धरू नये. ताट भरून वाढण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे, कारण भूक खरोखरच मेलेली असते. दुपारी झोपू देऊ नये, संध्याकाळी चालायला न्यावे, आणि चहा-कॉफी दुपारनंतर बंद ठेवावी. तंबाखू आणि सिगारेट वाढत नाही ना, इकडे लक्ष ठेवावे. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःहून आणू नयेत.

लक्ष आणि स्मरण या काळात कच्चे असते. सकाळी पाच कामे सांगून संध्याकाळी जाब विचारला तर भांडण ठरलेले. एक काम सांगावे, ते कागदावर लिहावे आणि झाले की खूण करू द्यावी. आठवण न राहणे हा प्रत्येक वेळी खोटेपणा नसतो. तरीही मी सावध करते की, "ह्याचा मेंदूच तसा झालाय" हे वाक्य घरात कोणीही, विशेषतः मुलाच्या देखत, बोलू नये. मेंदूच्या एखाद्या भागाचा आकार आणि माणसाचे वागणे यांचा संबंध इतका सरळ नसतो, आणि एकदा हे वाक्य घरात रुळले की मुलगा तेच ढाल म्हणून वापरतो.

बोलावे कसे, याचा एक नमुना देते. शेवटी त्या बागायतदार वडिलांनी मुलाला एवढेच म्हटले, "फिल्म राहू दे बाजूला. तू मला सांग, गेल्या वर्षात तू किती वेळा सोडायचं ठरवलंस?" मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सहा-सात वेळा." एमआरआयला जे दाखवता आले नाही ते त्या उत्तरात होते, आणि उपचार तेथून सुरू झाले.

कोणाकडे जावे

गांजाचे अवलंबित्व हमखास सोडवणारे असे मान्यताप्राप्त औषध आजवर उपलब्ध नाही. सोडण्याची इच्छा बळकट करणारे समुपदेशन आणि तलफ येण्याचे प्रसंग ओळखून वागणे बदलायला शिकवणारी उपचारपद्धती यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, आणि झोप, चिंता, नैराश्य यांसाठी डॉक्टर गरजेनुसार औषधे देतात. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय येथे केसपेपर काढून मानसोपचार विभागाची चौकशी करावी. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करते, आणि पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. घरातून निघणे शक्य नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ या क्रमांकांवर बोलता येते.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे दवाखान्यात जात नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचारासाठी गेली आणि तिने ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. गुन्हा आधीच नोंद झाला असल्यास वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. साखळीने बांधणाऱ्या किंवा मारहाण करणाऱ्या केंद्रात मुलाला कधीही टाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण हा रुग्णाचा हक्क आहे.

कानात आवाज येणे, घरचेच लोक विष घालत आहेत असा संशय, रात्रभर जागून असंबद्ध बोलणे किंवा जीव देण्याची भाषा यांपैकी काहीही दिसले तर वही, तारखा आणि हे सारे मार्गदर्शन बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. अशा वेळी देवऋषीकडे घालवलेला आठवडा फार महाग पडतो.

आणि महिना-दोन महिने बंद राहून एखाद्या जत्रेत, मित्राच्या हळदीत पुन्हा ओढले गेले, तर वहीची पाने फाडू नयेत. त्या दिवसाची तारीख लिहावी, सोबत कोण होते आणि त्याआधी काय घडले होते ते मुलालाच लिहू द्यावे, आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात समुपदेशकाची वेळ घ्यावी.